दोरी नेमकी कुठे कापायची?

वसईच्या किल्ल्याला खेटून असलेल्या पाचूबंदरात शिंगाळ्याचा काटा म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जाळ्यातून मासळी सोडवताना हात जरा घसरला की शिंगाळ्याच्या परातला करवती काटा बोटात घुसतो. आधी बसते ती सणक. हात आपोआप मागे येतो. मग क्षणभर काहीच नाही. आणि त्यानंतर जो ठणका सुरू होतो, तो बोटातून मनगटात आणि मनगटातून कोपरात चढत जातो. यावर किनाऱ्यावरचा उपाय म्हणजे सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून बसणं. डॉक्टरही आज तेच सांगतात. काट्याबरोबर शिरणारं विष प्रथिनांचं असतं आणि साधारण ४५ अंशांच्या उष्णतेनं त्याचा जोर मोडतो. (पाणी हात पोळेल इतकं नको, आणि काटा आत मोडून राहिला असेल तर थेट दवाखाना.)

सणक आणि ठणका हे दोन शब्द आपण सहज वापरतो, पण शरीरातही त्यांच्या वाटा खरोखरच वेगळ्या आहेत. सणक वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंवर पातळ वेष्टण असतं आणि त्यांच्यातून संदेश सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगानं धावतो. ठणका नेणारे तंतू उघडे आणि बारीक असतात. त्यांचा वेग सेकंदाला मीटरभराच्या आसपास, म्हणजे चालत्या माणसाइतका. बोटापासून मणक्यापर्यंतचं अंतर हातभर. म्हणून मधे तो रिकामा क्षण येतो. हे विज्ञान शोधायला प्रयोगशाळा लागल्या, पण भाषेनं दोन शब्द आधीच करून ठेवले होते.

शिंगाळ्याचा ठणका काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत उतरतो. असं दुखणं कामाचं असतं. हात मागे घे, जखम जप, पुढच्या वेळी सांभाळ, असं ते सांगतं आणि निघून जातं. या प्रकरणाचा विषय आहे ते न जाणारं दुखणं. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या वेदनेला वैद्यकात चिवट, म्हणजे दीर्घकालीन वेदना म्हणतात. तिच्यातही एक जात अशी असते, की जखम कधीच भरून आलेली असते, काही वेळा तो अवयवसुद्धा उरलेला नसतो, तरी दुखणं जागचं हलत नाही. गोळ्या झाल्या, शेक झाले, मलमं झाली, देव झाले. अशा वेळी कुणीतरी विचारतं, डोक्याचं ऑपरेशन करून हे थांबवता येत नाही का?

येतं, पण फार थोड्यांना, आणि आपण समजतो त्या पद्धतीनं नाही.

आपली समजूत साधारण अशी असते: पायाला चटका बसला, तिथून एक दोरी मेंदूपर्यंत गेली आहे, दोरी ओढली गेली, वर घंटा वाजली. हे चित्र फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याचं. त्याच्या मृत्यूनंतर १६६४ साली छापलेल्या पुस्तकात विस्तवाजवळ पाय नेणाऱ्या मुलाची आकृती आहे आणि देकार्तनं घंटेच्या दोरीचीच उपमा दिली आहे. उपमा इतकी सोपी, की पुढची तीनशे वर्षं शल्यविशारदांच्या डोक्यातून ती गेली नाही. घंटा वाजू नये असं वाटतंय? मग दोरी कापा. प्रश्न एवढाच, की कुठे?

पहिलं उत्तर मिळालं मज्जारज्जूत. फिलाडेल्फियातले विल्यम स्पिलर यांनी १९०५ मध्ये क्षयाच्या गाठीनं मज्जारज्जू दबलेल्या एका रुग्णाची नोंद केली. त्याला शरीराच्या खालच्या भागात स्पर्श कळत होता, पण दुखणं आणि गरम-थंड कळत नव्हतं. म्हणजे स्पर्शाची वाट वेगळी आणि वेदनेची वेगळी! १९१२ मध्ये त्यांच्या सांगण्यावरून एडवर्ड मार्टिन यांनी मज्जारज्जूचा पुढचा-बाजूचा तेवढाच पट्टा छेदला आणि रुग्णाच्या पायांतली असह्य वेदना थांबवली. हीच कॉर्डोटॉमी. वेदनेचे तंतू मज्जारज्जूत शिरताच बाजू बदलतात, म्हणून उजव्या पायासाठी छेद डाव्या बाजूला द्यावा लागतो. १९६० च्या दशकात मान न उघडता, कानाखालून सुई घालून, रुग्ण जागा असताना त्याच्याशी बोलत बोलत हे करता येऊ लागलं.

मग कॉर्डोटॉमी सर्रास का होऊ लागली नाही? कारण दोरी कापली तरी घंटा पुन्हा वाजू लागते. वर्ष-दोन वर्षांत बऱ्याच रुग्णांचं दुखणं परत येतं, कधी आधी नव्हतं अशा रूपात. म्हणून ही शस्त्रक्रिया मुख्यतः कर्करोगाच्या अशा रुग्णांसाठी राखून ठेवतात, ज्यांच्याजवळ थोडेच महिने उरले आहेत आणि दुखणं एकाच बाजूला आहे. त्यातही तोंडानं घ्यायचं मॉर्फिन नीट मिळालं तर बहुतेकांवर ही वेळ येत नाही. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकानं मॉर्फिन दुर्मिळ झालं. २०१४ च्या दुरुस्तीनं वाट थोडी मोकळी झाली. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू झालं, ते अशाच रुग्णांसाठी. माझं मत विचाराल तर वेदनेच्या बाबतीत शस्त्रक्रियेची चर्चा मॉर्फिनच्या चर्चेनंतर यावी. ऑपरेशन थिएटरइतकी झळाळी मॉर्फिनच्या बाटलीला नसते, म्हणून शस्त्रक्रियेचीच चर्चा आधी येते.

दोरीच्या उपमेला आणखी मोठा तडा गेला तो तुटलेल्या अवयवांमुळे. अमेरिकन यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांना तपासणाऱ्या सायलस विअर मिचेल यांनी १८७० च्या सुमारास या प्रकाराला नाव दिलं: भुताचा अवयव. पाय कापलेला आहे, तरी त्या नसलेल्या पायाची बोटं मुरगळल्यासारखी दुखतात. विरार लोकलच्या गर्दीवर जगणाऱ्या आपल्या भागात रुळांवर हात-पाय गमावलेली माणसं नवी नाहीत. त्यांतली कितीतरी हे दुखणं बोलून दाखवत नाहीत, कारण नसलेला पाय दुखतो म्हटलं की लोक वेड्यात काढतात. ते वेड नव्हे. पाय गेला तरी मेंदूतला पायाचा नकाशा जागेवरच असतो. मेंदूच्या पृष्ठभागावर आपलं अख्खं शरीर मांडलेलं आहे, फक्त माप वेगळं. माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी जागेपणी शस्त्रक्रिया करताना हा नकाशा काढला, तेव्हा ओठ आणि बोटं अवाढव्य निघाली आणि पाठ चिमूटभर.

जागेपणी? होय. मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते त्याच्या आवरणांना आणि डोक्याच्या कातडीला. तिथे भूल दिली की पुढे रुग्णाशी गप्पा मारत काम करता येतं. पेनफिल्ड यांनी विजेच्या सौम्य धक्क्यानं मेंदूचा पृष्ठभाग जागोजागी चाळवला. लोकांना मुंग्या जाणवल्या, हात हलले, जुनी गाणी ऐकू आली. ‘दुखतंय’ असं मात्र क्वचितच कुणी म्हटलं. देकार्तची घंटा शोधायला गेलेल्यांना घंटा सापडली नाही. दुखण्याचं असं एक ठाणं मेंदूत नाही. मेंदूच्या मध्यात खोलवर असलेला थॅलॅमस, शरीराचा तो नकाशा, भावनांशी जोडलेले पट्टे, कपाळामागचा भाग अशी बरीच ठिकाणं मिळून दुखणं घडवतात. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी यात आणखी एक गोष्ट घातली. मज्जारज्जूत जणू दरवाजा आहे, आणि तो किती उघडायचा याचे हुकूम वरूनही येतात. मूल पडलं की आपण त्याचा गुडघा चोळतो ना, तेव्हा स्पर्शाचे तंतू तोच दरवाजा लोटत असतात.

मोटारसायकलच्या अपघातात खांद्यावर आदळून हाताचे मज्जातंतू मज्जारज्जूतून मुळासकट उपटले जातात, तेव्हा हात लुळा पडतोच, वर त्यात जळल्यासारखी वेदना कायमची बसते. इथे कापायला दोरी उरलेलीच नसते. उपटलेल्या जागच्या पेशी आपण होऊन पेटलेल्या असतात. फ्रान्समधल्या मार्क सिंदू यांनी १९७२ मध्ये आणि पुढे अमेरिकेतल्या ब्लेन नॅशोल्ड यांनी नेमक्या त्या पेशी जाळण्याची शस्त्रक्रिया बसवली. या एका दुखण्यावर ती आजही सर्वांत भरवशाच्या उपायांपैकी आहे.

आता वर, खुद्द मेंदूत जाऊ. इथली गोष्ट सुरू होते लिस्बनमध्ये. १५३४ च्या तहानंतर ज्या पोर्तुगालच्या राजाच्या नावानं वसईवर दोनशे वर्षं राज्य झालं आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ज्यांचं निशाण उतरवलं, त्यांच्याच राजधानीत. एगास मोनिझ या डॉक्टरनं १९३५ च्या नोव्हेंबरात कपाळामागच्या भागाचे मेंदूच्या उरलेल्या भागाशी असलेले धागे तोडण्याचा पहिला प्रयोग केला. मनोरुग्णांसाठी. त्याबद्दल त्यांना १९४९ चं नोबेल मिळालं, आणि नोबेलच्या इतिहासात ज्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त लाज वाटते अशा पारितोषिकांत त्याची गणना होते. हजारो माणसं या शस्त्रक्रियेनं, म्हणजे लोबोटॉमीनं, सुस्त, बोथट, परक्यासारखी झाली. पण १९४० च्या दशकात ती असह्य वेदनांच्या रुग्णांवरही केली गेली, आणि तिथे डॉक्टरांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. दुखतं का, विचारलं तर रुग्ण म्हणे, दुखतं की. पूर्वीइतकंच. मग त्रास होतो का? नाही, त्रास काही नाही.

मराठीत हे सांगणं सोपं आहे. दुखणं आणि दुःख हे एकाच मुळाचे शब्द, पण आपण ते कधी गल्लत न करता वापरतो. सुरी लागली तर दुखतं. दुःख होत नाही. मेंदूत या दोन्हींना बांधणारी गाठ असते, आणि ती सुटू शकते: दुखणं शाबूत, दुःख गेलेलं.

म्हणून पुढच्या शल्यविशारदांनी अख्खं कपाळ न पोखरता ती गाठच शोधायला घेतली. मेंदूच्या दोन अर्धांच्या मधोमध, कमरपट्ट्यासारखा वळसा घालणारा सिंग्युलेट नावाचा भाग आहे. १९६२ मध्ये सिएटलचे एल्डन फोल्ट्झ आणि लोवेल व्हाइट यांनी त्याच्यातले धागे दोन्ही बाजूंनी छेदून वेदनेवर उपयोग होतो असं दाखवलं. आता हे एमआरआयच्या आधारानं, कवटीला बारीक भोक पाडून, विजेच्या तारेच्या तापलेल्या टोकानं करतात. लोबोटॉमीसारखं माणूस हरवणं इथे होत नाही. एखाद्या गोष्टीला हात घालण्याची उमेद आणि एकाग्रता मात्र थोडी मंदावू शकते. गुणही पुष्कळांचा काही महिन्यांनी ओसरतो. जगात अगदी मोजक्या ठिकाणी, मुख्यतः कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात, ती होते.

जाळण्यापेक्षा वीज देऊन शांत करता आलं तर? १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मेंदूच्या मधल्या भागात तार बसवली, वीज सोडली आणि भूल न देता त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. उंदीर विव्हळले नाहीत. सहा वर्षांनी अ‍ॅबर्डीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना कारण सापडलं: मेंदू स्वतःची अफूसारखी द्रव्यं बनवतो. (खऱ्या अफूबद्दल पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्तानं १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवलंच आहे, आतली अफू सापडायला आणखी चारशे वर्षं लागली.) १९७३ मध्ये योशिओ होसोबुची यांनी चेहऱ्याच्या वेदनेसाठी माणसाच्या थॅलॅमसमध्ये कायमच्या तारा बसवल्या. सुरुवातीला मोठी आशा होती. पण वर्षभरानंतर निदान निम्म्या रुग्णांचं दुखणं निम्म्यानं तरी कमी असावं, ही अट अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांत पुरी झाली नाही. कंपवातासाठी याच तंत्रानं बाजी मारली. मुंबईत जसलोक रुग्णालयातला डॉ. परेश दोशी यांचा विभाग त्यासाठी ओळखला जातो. वेदनेसाठी मात्र हे तंत्र अजून उमेदवारीच करतं आहे.

त्या उमेदवारीतली एक बातमी २०२३ ची, आणि ती वाचताना मराठी वाचक आडनावापाशी थबकेल: प्रसाद शिरवळकर. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या त्यांच्या गटानं चार रुग्णांच्या मेंदूत तारा बसवल्या. तिघांना पक्षाघातानंतरची वेदना होती, एकाला भुताच्या पायाची. तारा दोन ठिकाणी: सिंग्युलेटमध्ये, आणि डोळ्यांच्या खोबणीच्या वर असलेल्या कपाळामागच्या भागात. घरी बसून, दिवसातून काही वेळा, आत्ता किती दुखतंय हे सांगायचं आणि बटण दाबून त्या क्षणीचे मेंदूचे संकेत टिपायचे, असं तीन ते सहा महिने चाललं. मग संगणकाला नुसत्या संकेतांवरून दुखण्याचा अंदाज बांधता येऊ लागला. गंमत पुढे आहे. त्वचेला मुद्दाम दिलेला उष्णतेचा चटका मुख्यतः सिंग्युलेटमध्ये उमटला. वर्षानुवर्षांचं दुखणं मात्र डोळ्यांवरच्या भागात. शिंगाळ्याचा काटा आणि पाच वर्षांची आग, दोन्हींना आपण दुखणंच म्हणतो, पण मेंदूत त्यांची घरं वेगळी निघाली. रुग्ण चारच होते, हे विसरू नये.

इतकं सगळं सांगून झाल्यावर एक कबुली द्यायला हवी. वसईतल्या माणसाला उपयोगी पडण्याची खरी शक्यता असलेली शस्त्रक्रिया यांतली एकही नाही. ती वेगळीच आहे, आणि तिच्यात मज्जातंतू कापतच नाहीत.

चेहऱ्याला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूचं नाव ट्रायजेमिनल. त्याचा एक आजार आहे, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. दर वर्षी लाखामागे साधारण चार-पाच नवे रुग्ण. पन्नाशीनंतर जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. गालात, जबड्यात, एकाच बाजूला विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते, काही सेकंदांत जाते, पुन्हा येते. दात घासताना, घास चावताना, बोलताना, अगदी वाऱ्याची झुळूक लागली तरी. पाचूबंदरसारख्या ठिकाणी, जिथे खारा वारा दिवसभर तोंडावर येतो आणि टोपली घेऊन ओरडल्याशिवाय मासळी खपत नाही, तिथे या आजाराचा अर्थ काय होत असेल याची कल्पना करा. सलमान खान यांनी आपल्याला हा आजार असल्याचं स्वतःच जाहीर सांगितलं आणि २०११ मध्ये अमेरिकेत त्यावर उपचार करून घेतले, तेव्हा हे नाव आपल्याकडे बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं.

यात बहुतेकदा गडबड असते ती मेंदूच्या बुडाशी. हा मज्जातंतू जिथे मेंदूतून निघतो तिथे एखादी रक्तवाहिनी वळसा घालून त्याच्यावर टेकलेली असते. तिच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तंतूवरचं वेष्टण झिजतं, आणि आतले धागे उघड्या पडलेल्या तारांसारखे एकमेकांना चिकटून ठिणग्या टाकतात. वॉल्टर डँडी यांना हे १९३४ मध्येच दिसलं होतं, पण नुसत्या डोळ्यांनी. १९६० च्या दशकात पीटर जॅनेटा हे तरुण डॉक्टर दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी शवविच्छेदन तयार करत होते, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना तीच रक्तवाहिनी तंतूवर टेकलेली दिसली. त्यांनी ठरवलं की तंतू कापायचा नाही. कानामागे रुपयाच्या नाण्याएवढी खिडकी करायची, रक्तवाहिनी अलगद बाजूला करायची आणि दोघांच्या मधे टेफ्लॉनचा कापसासारखा तुकडा ठेवायचा. १९९६ मध्ये त्यांच्या गटानं ११८५ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. दहा वर्षांनंतरही सुमारे ७० टक्के रुग्ण गोळ्यांशिवाय वेदनामुक्त होते. दोन दगावले, काहींचं त्या बाजूचं ऐकू येणं गेलं.

पहिला उपचार मात्र गोळीच: कार्बामॅझेपिन. तिनं इतका फरक पडतो की निदानालाही तिची मदत होते. ती पुरेनाशी झाली किंवा सोसेनाशी झाली, की शस्त्रक्रियेचा विचार. वय आणि प्रकृतीमुळे मोठी शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर सुईनं तंतू तापवणं किंवा गॅमा नाइफचे किरण हे पर्याय आहेत. किरणांची कल्पना स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांची. १९५१ मध्ये त्यांनी ती मांडली आणि सुरुवातीला वापरली तीही याच आजारावर. मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात गॅमा नाइफ आहे. रक्तवाहिनी दूर करण्याची शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात नियमित होते, पुण्यातले डॉ. जयदेव पंचवाघ तिच्यासाठी ओळखले जातात आणि या आजाराबद्दल मराठीतून लिहितात.

आणि तरीही कितीतरी रुग्ण मेंदूच्या डॉक्टरकडे पोचतात ते दोन-तीन दात गमावून. कळ जबड्यात येते, म्हणून दाढ काढली जाते. कळ जात नाही, म्हणून शेजारची काढली जाते. त्या दाढा चांगल्या असतात. तेव्हा घरात कुणी तोंडाला पदर लावून वारा चुकवत असेल, गालाला हात लावू देत नसेल, कळ विजेसारखी येऊन जात असेल आणि रात्री झोपेत सहसा येत नसेल, तर दाढ काढू देण्याआधी दातांच्या डॉक्टरला एकदा नाव घेऊन विचारा, हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया तर नाही ना?